वर एकत्र, खाली एकत्र

दिल्लीतलं सरकार पडलं तेव्हा जयवंत घोडेगावच्या बाजारात सुके बोंबील घेत होता. दुकानातल्या रेडिओनं बातमी सांगितली आणि दुकानदार म्हणाला, "पडलं एकदाचं." तराजू काही त्यानं खाली ठेवला नाही. पुढं निवडणूक झाली, तीही अशी की कुणालाच बहुमत नाही. आज आकडा ह्याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. राष्ट्रपतीभवनाच्या पायऱ्या पुढाऱ्यांनी झिजवल्या, आणि अशा वेळी काय करायचं हे घटनेत लिहिलंय की नाही यावर टीव्हीवर कोट घातलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावू लागली. गावाला ही भांडणं आवडत. तिकीट नसतं ना!

जयवंतला मात्र त्यातला 'घटना' हा शब्द लागला. तो गावचा निवृत्त कोतवाल. छप्पन्न साली त्याच्या बापानं घरातले देव घोड नदीत सोडले तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. तेव्हापासून वस्तीतल्या बावीस घरांच्या भिंतींवर बाबासाहेब होते आणि त्यांच्या हातात ते जाड पुस्तक होतं. ते पुस्तक वस्तीत कुणी वाचलं नव्हतं. पण तलाठ्यानं हाडतूड केली, पाटलाच्या पोरानं आईवरून शिवी दिली, की माणसं त्या तसबिरीकडं बघत आणि आपल्या मागंही कुणीतरी आहे असं त्यांना वाटे. आता ते पुस्तकच मोडीत निघतंय असं टीव्ही सांगत होता.

वस्तीचा एक पक्ष होता. दोन खासदारांचा. त्याचे पुढारी भालशंकरसाहेब चांगले वक्ते होते, आणि चांगल्या वक्त्यांसारखेच कुठं बसायचं हे शेवटपर्यंत ठरवत नसत. नव्या आघाडीला दोन खासदार कमी पडत होते, तेव्हा साहेबांनी तालुक्या-तालुक्यांतून आपल्या माणसांचा कौल मागवला. आंबेगाव तालुक्याचा अध्यक्ष बुद्धभूषण हा जयवंतचा भाचा. तो मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, "मामा, सह्या लागतील. तुमच्यावाचून कोण फिरणार?"

जयवंतनं बासष्टाव्या वर्षी तळेघरापासून शिनोलीपर्यंतच्या वस्त्या पायी पालथ्या घातल्या. तळेघराकडं एसटी दिवसातून एखादी, तीही मनात आलं तर. दोनशे सतरा सह्या आणि अंगठे त्यानं गोळा केले, आणि वरचा मजकूर स्वतःच्या हातानं लिहिला: 'साहेब, काही करा पण सरकारात जा. कुणाबरोबर बसावं लागलं तरी बसा. घटना वाचली तर आम्ही वाचू.' लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. जानकाबाई म्हणाली, "आन् वाटंचं? वाटंचं लिवा की."

वाटेचं दुखणं असं होतं. वस्तीपासून नदीकाठच्या दहनभूमीपर्यंत सरळ वाट होती, सयाजी पाटलाच्या रानातून. गावच्या नकाशात ती तुटक रेघेनं दाखवलेली. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी आलं, रानाला सोन्याचा भाव आला आणि सयाजीनं एका उन्हाळ्यात वाट नांगरून टाकली. तेव्हापासून वस्तीची मढी ओढ्यातून जात. जयवंतची आई श्रावणात गेली. ओढा गुडघाभर, खाली शेवाळ. एकाचा पाय घसरला, तिरडी कलंडली आणि म्हातारी तोंडावर चिखलात पडली. जानकाबाईनं पाण्यात बसून पदरानं सासूचं तोंड पुसलं. नंतर एवढंच म्हणाली, "मला ह्या ओढ्यानं न्ह्यायचं न्हाई. सांगून ठिवते."

आता तिची वेळ आली होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते, धाप लागून आडवं होता येत नव्हतं. मंचरच्या डॉक्टरनं जयवंतला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषधं चालू ठेवा, पण हिशेब धरू नका. वाटेसाठी वस्तीनं तहसीलदाराकडं अर्ज केला होता, आणि त्या अर्जाचा सगळा भार जयवंतवर होता. नकाशात रेघ होती, पण जमिनीवर खूण नव्हती. हद्दीचे दगड सयाजीनं कधीच उपटले होते. जुन्या मोजणीच्या वेळी साखळी धरून भूमापकाबरोबर चाललेला एकच माणूस जिवंत होता, तो म्हणजे कोतवाल जयवंत. कोतवालाला वाट कागदावरून कळत नाही, ती पायाला ठाऊक असते. तहसीलदार जागेवर येणार होता आणि जयवंतनं त्याला वाट चालून दाखवायची होती. एवढंच काम होतं.

"मंत्री झालं साहेब, तर वाट काय, डांबरी रस्ता व्हईल," तो बायकोला म्हणाला आणि पत्र बुद्धभूषणच्या हाती दिलं.

शपथविधीच्या दिवशी समाजमंदिरात टीव्ही आणला होता. जानकाबाईला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. मंत्र्यांची रांग संपता संपेना. मंत्रिमंडळ कसलं, वऱ्हाडच ते. ज्यानं ज्यानं हात वर केला होता त्याच्या त्याच्या पानात काही ना काही वाढलं होतं. आठव्या नंबरला सयाजीच्या पक्षाच्या पुढाऱ्यानं शपथ घेतली, तेव्हा पाटील आळीत फटाके वाजले. एकतिसाव्या नंबरला भालशंकरसाहेब उभे राहिले. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही, घटनेची शपथ घेतली. जयवंतच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. वस्तीतल्या फटाक्यांची माळ ओली निघाली, पण पोरं तरीही नाचली.

खाती दुसऱ्या दिवशी कळली. सयाजीचा पुढारी कोळसा खात्याचा मंत्री आणि भालशंकरसाहेब त्याच खात्याचे राज्यमंत्री, म्हणजे त्याच्याच हाताखाली. तालुक्यात कोळसा पाहायचा तर घोडेगावच्या इस्त्रीवाल्याकडं जावं लागे. तरी जयवंत आठ दिवस ताठ मानेनं हिंडला. गावातून आयुष्यभर टपाल वाहिलेल्या माणसाला दिल्लीला आपण लिहिलेलं पत्र पोचलं याचंच अप्रूप.

मग बुद्धभूषण आला. तहसीलदाराची पाहणी चार दिवसांवर आली होती. त्यानं चहा घेतला, मामीच्या पायाशी बसून तब्येत विचारली आणि मामाला बाहेर लिंबाखाली नेलं.

"मामा, सयाजीभाऊंचा फोन थेट दिल्लीला गेलाय. त्यांचा मंत्री आपल्या साहेबांना म्हणाला, वर एका टेबलावर बसायचं आन् खाली तुमची माणसं आमच्या माणसांच्या रानात घुसणार, हे कसं?"

"रानात कोण घुसतंय? वाट हाय ती."

"मला सांगताय व्हय? मला ठाऊक हाय. पण साहेबांचा निरोप हाय. वर एकत्र, तर खाली एकत्र."

"साहेबांनी माझं नाव घ्येतलं?"

बुद्धभूषणनं मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवली. "गावाचं घ्येतलं," तो म्हणाला. ते खरं होतं की नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"तुजी मामी बघितलीस न्हवं आत्ता?"

"बघितली. पन सरकार काठावर हाय, मामा. मागचं एका मतानं पडलं. हा मंत्री रुसला तर सोळा खासदार घेऊन उठंल. मग पुन्हा तेच. घटना गुंडाळून ठिवतील आन् समदा समाज म्हणंल, कशापायी? तर एका गावच्या वाटंपायी." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. जयवंतच्या अक्षरातल्या पत्राची झेरॉक्स होती. "तुमीच लिवलंय. कुणाबरोबर बसावं लागलं तरी बसा. ते बसल्यात. आता तुमी उठवणार?"

एका मतानं सरकार पडतं हे सगळ्या देशानं नुकतंच पाहिलं होतं. मग आपल्या दोन पावलांनी सरकार पडेल असं जयवंतला वाटलं, तर त्याला हसू नये. दिल्लीत हे गाव कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. सयाजीच्या मंत्र्यानं कदाचित जेवता जेवता एक वाक्य टाकलं असेल आणि पुढचा पापड मोडला असेल. पण ते वाक्य उतरत उतरत लिंबाखाली आलं, तोवर ते आख्ख्या घटनेएवढं जड झालं होतं. आणि ते उचलायला सापडला कोण, तर कोतवाल. आयुष्यभर वरून आलेलं खाली पोचवणं हेच त्याचं काम होतं.

"मी खोटं कसं बोलू?" तो म्हणाला.

"बोलू नगा. नुस्तं ओढ्याकडनं चाला. आता समदे तिकडनंच जात्यात. खोटं काय त्यात?"

चार दिवस जयवंतनं लिंबाखालीच बसून काढले. जानकाबाईला वाटलं, पाहणीची काळजी. ती भिंतीला टेकून धापा टाकत त्याला धीर द्यायची. "तुमाला ठाव हाय न्हवं वाट? मग कशाला भ्येता? पाय जात्याल तसं जायचं."

पाहणीच्या सकाळी तहसीलदाराची जीप आली. तरुण अधिकारी होता, बुटांना माती लागू नये म्हणून बांधावरून चालणारा. तलाठी, कारकून, सयाजी, बुद्धभूषण आणि वस्तीतली दहा-बारा माणसं रानाच्या कडेला जमली. समोर सयाजीचा नुकता लावलेला कांदा होता, हिरव्या कोंबांच्या रांगा नदीपर्यंत गेलेल्या. सयाजीनं जयवंतला राम राम घातला. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

"चला कोतवाल," तहसीलदार म्हणाला, "तुम्ही पुढं व्हा. वाट होती तिथून चालायचं. आम्ही मागून येतो."

जयवंतनं वहाणा काढल्या. सवयच होती, मोजणीला तो अनवाणी चालत असे. त्याचा उजवा पाय उचलला गेला आणि सरळ कांद्यात पडला. पुढं आंब्याचा बुडखा डावीकडं ठेवून, मग बहिरूच्या जुन्या विहिरीवरून तिरकं, एकशे ऐंशी पावलांवर नदी. सगळं पायाच्या तळव्याला ठाऊक होतं. वस्तीतली माणसं पुढं सरकली. सयाजीनं बुद्धभूषणकडं पाहिलं. बुद्धभूषण खाकरला.

जयवंतनं पाय मागं घेतला. चेंगरलेला कोंब वाकून सरळ केला, आणि बांधाच्या कडेनं ओढ्याच्या दिशेनं चालू लागला.

"कोतवाल!" शेजारची गोजरबाई ओरडली. "वाट तिकडं नव्हती! तुमी येडं झालात काय?"

"बाई, तुम्हाला विचारलंय का?" तहसीलदार म्हणाला. "मोजणीला कोण होतं, तुम्ही की हे?"

"त्येच व्हतं. म्हणून तर म्हणती—"

"मग त्यांना चालू द्या."

जयवंत चालत राहिला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही. ओढ्यात उतरला, आईची तिरडी कलंडली त्या दगडावरून गेला, पलीकडं चढला आणि लांबचा वळसा घालून नदीवर पोचला. कारकुनानं तिथंच पंचनामा लिहिला: सदर वहिवाट पूर्वापार ओढ्यालगत असल्याचे माजी कोतवाल यांनी प्रत्यक्ष चालून दाखविले. जयवंतनं सही केली. त्याचं अक्षर चांगलं आहे असं तहसीलदारानं म्हटलं.

सयाजीनं परत जाताना खांद्यावर हात ठेवला. "जयवंता, मनात काय ठिवू नगंस. आता आपलं सरकार एकच. काय लागलं तर सांग, परकं समजू नगं." तो मनापासून बोलत होता आणि तेच जास्त वाईट होतं. गोजरबाई जाताना जयवंतच्या पायाशी थुंकली आणि घराकडं निघाली. वस्तीतला एकही माणूस त्याच्याबरोबर चालला नाही. बुद्धभूषणला मंचरला बैठक होती.

जानकाबाई उंबऱ्याशी बसली होती. तिथपर्यंत ती सरकत सरकत आली असावी, कारण मागं घोंगडी लांबत गेली होती. तिच्या कानावर अजून काही आलेलं नव्हतं. उद्या येईल, परवा येईल. वस्ती ती केवढी. पण आज ती हसत होती.

"दावलीत वाट?"

जयवंतनं पायाचा चिखल धुवायला तांब्या घेतला. चिखल ओढ्याचा होता. त्यानं तिच्याकडं पाठ करून पाय धुतले.

"तारीख पडली," तो म्हणाला.

"आँ? पाहनी झाली न्हवं?"

"साहेबाला कागूद कमी पडला. पुढची तारीख दिली."

"कंदीची?"

इतक्या वर्षांत त्यानं गावात हजार तारखा सांगितल्या होत्या. जिभेवर आपोआप एक आली. "फेब्रुवारीची एकवीस."

जानकाबाईनं बोटं दुमडून महिने धरले. डिसेंबर, जानेवारी, वर एकवीस दिवस. तिला धाप लागली, ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तीन दिवसांपासून तिच्या पोटात पेजेवाचून काही गेलं नव्हतं. भाकरी पुढं केली की ती हात आडवा करायची.

"बरं," ती म्हणाली. "मग तवर मला ऱ्हायाच पाहिजे. वाढा काय असंल ते."

त्यानं भाकरी दुधात कुस्करली आणि तिच्यासमोर बसला. पहिला घास तिनं डोळे मिटून, मान पुढं काढून, मोठ्या कष्टानं गिळला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.