झोक्याची फळी

त्या उन्हाळ्यात ज्याला त्याला एकच पुळका आला होता: घरी राहा आणि स्वतःची काळजी घ्या. टीव्हीवरची बाई तेच सांगायची, फोन लावला की पलीकडचं माणूस बोलायच्या आधी फोनच तेच सांगायचा. धुळ्यातला भूपेंद्र तर रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर गुलाबाच्या चित्रासकट तेच टाकायचा. टाकून झालं की आत हाक मारायचा, काढा झाला का म्हणून. आता काळजी घ्यायची म्हणजे कोणीतरी सुंठ कुटायला हवी, कोणीतरी पातेलं घासायला हवं. ते कोणीतरी कोण, हे त्या गुलाबाखाली कधी लिहिलेलं नसायचं.

ते कोणीतरी म्हणजे त्याची बायको कामिनी. मार्च लागायच्या आधी तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, तीन महिने जड उचलायचं नाही, ओट्याशी फार वेळ उभं राहायचं नाही, आतले टाके भरायला वेळ लागतो. डॉक्टरांचं काय जातं बजावायला! पण कामिनीनं त्याची सोय आधीच लावून ठेवली होती. वरचे टाके निघाले की पाचोऱ्याला आईकडे जायचं ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, करूनच परतायचं. खानदेशातल्या लेकी वर्षभर मरमर मरतात त्या आखाजीच्या भरवशावर. त्या दिवसांत माहेरी झोक्यावर बसायचं, आंब्याचा रस ओरपायचा, गाणी म्हणायची, आणि माहेरवाशिणीला कुणी साधी कोथिंबीर निवडायला सांगायचं नाही, हा तिकडचा कायदाच. कामिनीची आई भिकुबाई दरवर्षी अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधायची आणि लेकीची वाट बघत ओट्यावर बसायची.

टाके निघाले आणि पुढच्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला, बठ्ठं बंद झालं.

मुलगा हितेंद्र पुण्याच्या हॉस्टेलात अडकला. व्हिडिओवर त्याचे बसलेले गाल बघून कामिनी रोज विचारायची, जेवलास का. धुणंभांडी करणाऱ्या लताबाईला गल्लीत कुणी येऊ देईना. सासूबाई, धुरपदाबाई, गुडघे धरून खाटेवर. भूपेंद्र औषधांच्या होलसेल दुकानात कामाला, त्यामुळे त्याच्या गाडीला पास होता. जळगाव जिल्ह्यातही तो माल पोचवून यायचा. कामिनीनं धीर करून विचारलं, तुमची गाडी पाचोऱ्याला जातेच आहे, तर मला तेवढं सोडा. तो म्हणाला, वेडी झालीस का, नाक्यावर पोलीस सोलून काढतात. औषधाच्या गाडीत बाई दिसली की पास गेला, पास गेला की नोकरी गेली. कामिनीला ते पटलं. नवऱ्याची नोकरी घालवून झोके घेणारी बाई ती नव्हतीच.

मग तिनं एक केलं. मागच्या पडवीत वरच्या वाशाला एक लोखंडी कडी होती. हितेंद्र तान्हा असताना त्याचा पाळणा तिथं टांगलेला असायचा. स्टुलावर चढून, एक हात पोटावर धरून तिनं त्या कडीतून दोर ओवला, खाली गोधडीची घडी घातली आणि झाला झोका.

धुरपदाबाईंनी कपाळाला हात लावला. "सासरले कोन झोका बांधस?" म्हणाल्या. खरंच होतं त्यांचं. झोका लेकीचा, सुनेचा नव्हे. सून सासरी झोक्यावर बसली असं गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं, उद्या लोक तोंडात शेण घालतील, असं बरंच काही त्या खाटेवरून बोलल्या. कामिनी एरवी ऐकून घेणारी. त्या दिवशी मात्र म्हणाली, "माहेर बंद आहे आई, म्हणून इथं बांधला," आणि पडवीचं दार आतून लावून घेतलं.

रोज दुपारी, भांडी घासून झाली की एक तास तिचा. आधी पायांना खोबरेल तेल चोळायचं, कारण ऑपरेशननंतर ते सुजायचे. मग झोक्यावर बसून पायाच्या अंगठ्यानं जमिनीला जरासं लोटायचं. जोरात नाही, टाक्यांना सोसेल इतकंच. वरची कडी कुरकुरायची, कुर्र, कुर्र. सुरुवातीला ती तिथं बसून नुसती रडायची. हितेंद्रसाठी, स्वतःच्या पोटासाठी, काय काय साठलं होतं त्या सगळ्यासाठी. पुढं रडू आटलं. पुढं आखाजीची गाणी ओठांतल्या ओठांत यायला लागली. रात्री झोप लागायला लागली, ओटीपोटातली ओढ कमी झाली. दार वाजलं तरी ती उठायची नाही. तेवढा तास ती कुणाची बायको नव्हती की कुणाची सून नव्हती, आणि त्या तासाच्या जोरावर उरलेला दिवस ओढून नेता येत होता.

एकदा दार नुसतं लोटलेलं राहिलं तर भूपेंद्र आत डोकावला. "वा वा, राणीसाहेब!" म्हणाला आणि त्यानं फोनवर तिचा फोटो काढला. कामिनी लाजली. नवऱ्यानं कौतुक केलं असं वाटलं तिला, वेडीला.

आखाजीच्या आदल्या दिवशी भूपेंद्र उजाडायच्या आत माल घेऊन गेला. दुपारी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढच्या सीटवरून तोंडाला पांढरा मास्क बांधलेली एक बाई उतरली. मास्क खाली ओढला तेव्हा कळलं, ती दिपमाला, भूपेंद्रची धाकटी बहीण, भडगावला दिलेली. धुरपदाबाईंचे गुडघे एकदम बरे झाले. उंबऱ्यापर्यंत चालत आल्या, लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळे पुसले. भाऊ मुऱ्हाळी होऊन गेला, बहिणीला आणलं त्यानं, असं शेजारच्या खिडकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. आखाजीला बहिणीला आणायला जातो तो मुऱ्हाळी, आणि असा भाऊ असणं हे बहिणीचं भाग्य. त्यात खोटं काहीच नव्हतं.

हातपाय धुऊन दिपमाला कौतुकानं सांगू लागली. नाक्यावर पोलिसानं अडवलं तर भाऊनं सांगितलं, ही दवाखान्यातली नर्स आहे. मी आपली तोंड बांधून गप्प. सोडलं की त्यांनी लगेच!

कामिनी चहा गाळत होती. नर्स व्हायला एक मास्क पुरतो, हे तिला महिनाभर कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात भूपेंद्रनं गाडीतून एक लांबट गाठोडं आणून तिच्यापुढं ठेवलं, तुझ्या आईनं दिलंय म्हणाला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं. कामिनीनं सोडलं तर आत बाभळीची फळी. दोन्ही टोकांना दोराच्या खाचा, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेली. माहेरच्या झोक्याची फळी. ती सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून त्याच फळीवर बसत आली होती.

"तुम्ही पाचोऱ्याला गेला होता?"

माल तिथंच तर उतरवायचा होता, तो म्हणाला. मग तुझ्या आईला भेटलो पाच मिनिटं, लांबूनच. पुढचं दिपमालानं सांगितलं, तिला वाटलं वहिनीला ऐकून बरं वाटेल. गाडीत भाऊनंच तिला सगळं सांगितलं होतं. भिकुबाईंनी झोका बांधून ठेवलेला होता. कामिनीला का नाही आणलं म्हणून विचारलं त्यांनी. तर भाऊनं फोटो दाखवला तुमचा. म्हणाला, ती तिकडंच मजेत आहे, झोका बांधून घेतलाय, माहेराची आठवणसुद्धा काढत नाही. म्हातारी हसली, म्हणे. मग मला काय करायचा आता झोका, असं म्हणून तिनं तिथल्या तिथं झोका सोडला आणि फळी दिली काढून. गोधडीवर बसून कंबर धरेल पोरीची, म्हणाली.

सगळं घर चहा प्यालं. कप विसळून कामिनी भूपेंद्रपाशी गेली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तो चढलाही नाही.

"दिपाताईंना आणता आलं, तर मला नेता आलं नसतं?"

भूपेंद्रला खरोखरच नवल वाटलं. चिडला नाही तो. लहान मुलाला बेरीज समजावावी तसं त्यानं सांगितलं.

"तू गेली असतीस तर दिपाचं केलं असतं कोणी?"

पोलीस, पास, नोकरी, सगळा भुसा उडून गेला आणि खाली एवढंच निघालं. लेकीला माहेरी विसावा हवा, तर त्या घरातली सून जागेवर हवी. हा हिशोब या घरात सगळ्यांना पाठ होता, तिलाच तेवढा नवा होता.

संध्याकाळी भूपेंद्रनं स्वतः फळी झोक्याला बसवली. गोधडी काढून टाकली. पडवीचं दार सताड उघडं राहिलं. दिपमाला फळीवर बसली आणि बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले. कामिनी तिच्यावर चिडायला म्हणून दारात गेली होती, पण मांडीवर उताणे पडलेले तिचे हात दिसले. बोटांवर पोळल्याचे डाग, तळव्यांना भेगा. अकरा माणसांचं घर होतं तिचं, त्यात सगळे पुरुष घरी बसलेले. तिच्यावर राग धरायचा तरी कोणत्या तोंडानं? कामिनीनं तिचा घसरलेला पदर सारखा केला आणि डाळ भिजवायला गेली. राग तसाच राहिला.

आखाजीच्या सकाळी पितरांची घागर भरायची होती. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांच्या नावानं. माहेरवाशिणीला पाणी भरायला सांगत नाहीत, धुरपदाबाईंना वाकवत नाही, आणि घागर भरणं बाईचं काम, म्हणून भूपेंद्र सोवळ्यात पाटावर वाट बघत बसला. कामिनीनं घागर उचलली. ओटीपोटात काहीतरी चरचरलं. तिनं ओठ आवळून घागर देवघरापर्यंत नेली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, हात जोडले. मग मातीचं खापर चुलीवर उपडं चढवलं. खापरावरची पुरणपोळी हातावर फिरवून मोठी करायची असते, उभ्यानं, वाकून, सगळी कंबर लावून. तिसऱ्या पोळीला तिला कळलं की लुगड्याला ओल लागलीय. कशाची, तेही कळलं. चौथी पोळी तिनं खापरावर टाकली, कारण पहिल्या तिन्ही वाढून झाल्या होत्या आणि भूपेंद्र आणखी मागत होता.

फोन वाजला. पिठाच्या हातानं तिनं तो खांद्याशी दाबून धरला. भिकुबाई होती. घागर भरली का, पोरगा बोलला का, अशी चौकशी झाली. मग म्हातारीचा आवाज बारीक झाला.

"फळीवर बठनी का माय?"

पडवीत दिपमाला झोके घेत होती. जेवण चांगलं झालं होतं, झोका आज उंच चालला होता. कडी जोरजोरात कुरकुरत होती, कुर्र, कुर्र.

कामिनीच्या तोंडाशी सगळं आलं. मास्क, नर्स, घागर, ओल, सगळं. पाचोऱ्याच्या ओट्यावर एकटी बसलेली, रिकाम्या लिंबाखालची आईही डोळ्यांपुढं आली. हे सांगून आईनं तरी करायचं काय होतं?

"हो," कामिनी म्हणाली. "बसलेच आहे."

"झोकाना आवाज यी ऱ्हायना माले," भिकुबाई म्हणाली. म्हातारी हसत होती, भरून पावली होती. "बठ माय, बठ. उठू नको."

खापरावरची पोळी करपायला लागली होती. कामिनीनं ती उलटली नाही. फोन कानापासून काढला आणि पडवीच्या दाराकडं धरून ठेवला, आईला नीट ऐकू जावं म्हणून.