खडूची तिरकी रेघ

शिवणाच्या दुकानात सासूबाईंचा शब्द शेवटचा. शाळा चौथीतच सुटलेली, पण मापाच्या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. सकाळपासून सून तोंड पाडून बसलेली पाहून त्यांनी मशीन थांबवलं.

"काय गं, कुणी मेलं का?"

दुपारी तीनला सुनेला शिक्षिकेच्या नोकरीसाठी शाळेत सापेक्षतेचा पाठ घेऊन दाखवायचा होता. मागच्या खेपेला तिनं सूत्रं घडाघडा म्हटली, पोरं जांभया देत बसली आणि नोकरी हुकली. आता ही शेवटची संधी.

"मला शिकव. मला कळेपर्यंत हलायचं नाही."

"भन्नाट वेगानं धावणाऱ्या गाडीतलं घड्याळ बाहेरच्याला हळू चाललेलं दिसतं, आई."

"मग दुरुस्तीला टाका म्हणावं!"

"बिघडलेलं नसतं हो. समजा, गाडीत प्रकाशाचा किरण तळापासून छतापर्यंत जाऊन परत येतो. ही एक टिकटिक. आतल्याला तो सरळ वरखाली दिसतो, बाहेरच्याला तिरका. आपली सुई नाही का, खाली कापड सरकत असतं..."

"सुई आत असताना कापड सरकलं तर मोडेल ना ती! एवढी वर्षं इथं काय डोळे मिटून बसलीस?"

सुनेचे डोळे भरून आले. सासूबाईंनी टेबलावर कापड पसरलं, खडू उचलला.

"रडायचं नंतर. मी हात सरळ नेते, तू कापड बाजूला ओढ."

रेघ तिरकी उमटली, बाहेरच्याला दिसणाऱ्या किरणासारखी. टेप लावला. हात आठ इंच गेला होता, रेघ भरली दहा.

"तेवढ्याच वेळात कापडावर लांब गेला," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे खडू जोरात पळाला."

"खडू पळेल, प्रकाश नाही पळत!" सून ताडकन उभी राहिली. "गाडीतून मोजा, रस्त्यावरून मोजा, त्याचा वेग तेवढाच."

"हट्टी आहे मेला." सासूबाई रेघेकडे बघत राहिल्या. "वाट लांबली, वेग वाढत नाही... मग बाहेरच्याला वेळच जास्त लागलेला दिसणार की! टिकटिक लांबली."

"तेच, आई!"

"थांब. आणि गाडीतल्याला बाहेरचं घड्याळ कसं दिसतं?"

"तेही हळूच."

"मग खरं कुणाचं?"

"दोघांचंही. आपापल्या जागी दोघंही बरोबर."

"असं कुठं असतं? एकाचं चुकलंच पाहिजे."

"नाही चुकत!" सुनेचा आवाज चढला होता. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

सासूबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"मला अजून पटलेलं नाही. पण माझ्यापुढं हटली नाहीस, तर पोरांपुढं काय हटणार आहेस? जा, तोंड धुऊन ये. निघायच्या आधी आणखी दोनदा सांगायचंय, आणि मी मध्ये मध्ये बोलणार आहे."