न मोजलेली सात वर्षं

मी किरणमापक बोलतोय. शिशाच्या जाड विटा आणि आत सहा नळ्या, एवढाच माझा संसार. दूर अवकाशातून येणारे किरण हवेवर आदळतात, त्यांचे बारीक कण माझ्यापर्यंत पोचतात. ते मोजायचे, बस्स. सूर्य खवळला की हे किरण कमी येतात, तो निवांत असला की वाढतात.

मला टेकडीवरच्या खोलीत सरांनी, म्हणजे माझ्या शास्त्रज्ञांनी, उभं केलं. रोज सकाळी त्यांच्या मदतनीस ताई यायच्या. आधी हवेचा दाब वहीत टिपायच्या, मग माझा आकडा. दाब वाढला की माझा आकडा उगाच घटतो, म्हणून ही जोडी त्यांनी कधी फोडली नाही.

सरांचं एक लाडकं मत होतं. किरण घटले की ढग घटतात आणि पृथ्वी तापते, गाड्या-कारखान्यांच्या धुराला कशाला बदनाम करता? सुरुवातीला माझ्या आकड्यांचा आणि उष्म्याचा आलेख असा जुळला की सर हरखून गेले. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

पुढे सूर्य निवांत झाला. माझे आकडे चढले. सरांच्या म्हणण्याप्रमाणे आता गारवा यायला हवा होता. उष्मा मात्र वाढतच राहिला.

"ताई, तुम्ही दाब चुकीचा लिहिताय."

"दोन दाबमापक लावून बघितलेत, सर. दोन्ही तेच सांगतात."

"मग यंत्र बिघडलंय. बंद करा."

"राग माझ्यावर काढा हवा तर. पण हे बंद नका करू. आज मोजलं नाही, तर आजचा आकडा परत मिळायचा नाही."

सरांनी स्वतःच बटण दाबलं. ताईंची बदली झाली.

सात वर्षं मी धूळ खात पडलो. किरण येत होते, माझ्यातून आरपार जात होते. ते मला मोजता आले नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात सर आले. दुसऱ्या देशांतल्या माझ्या भावंडांचे आकडेही तसेच चढले होते, हे त्यांनी अखेर मान्य केलं होतं. त्यांनी ताईंना फोन लावला.

"ताई, चूक माझी होती. तुमची नव्हती, यंत्राचीही नव्हती."

"असू द्या, सर. चालू आहे ना ते?"

सर माझ्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"त्याच दिवसापासून बंद आहे?"

"हो."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

सरांनी मला सुरू केलं. सहापैकी चारच नळ्या जागल्या. आकडा मनासारखा आला नाही तर माझ्याशी खुशाल भांडा, दहादा तपासा, पण मला बंद करू नका, एवढीच माझी विनवणी आहे. आता रोज सर येतात, ताईंच्या वहीत आधी दाब लिहितात, मग माझा आकडा. ताईंना मात्र त्यांनी पुन्हा फोन केलेला नाही.