बॅटरीत घातलेलं पाणी

गाडी थांबली तेव्हा आवाज म्हणून झाला नाही. हेच मला त्या गाडीचं आवडायचं नाही. डिझेलचा टेम्पो कसा, बंद पडायच्या आधी खोकतो, धूर सोडतो, माणसाला सावध करतो. ही बॅटरीची गाडी आपली मुकाट चालायची आणि मुकाट बसायची. सोपाऱ्याच्या अलीकडे, भर उन्हात, मागे केळीचे घड आणि माझ्या मांडीवर सुकेळ्यांची, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, टोपली. समोरचा काटा तळाला जाऊन बसला होता.

"अहो, पुन्हा?" मी म्हटलं.

"मला दिसतंय," हे म्हणाले. हे म्हणजे विठ्ठल. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण गोष्ट सांगायची तर एकदा घ्यावंच लागणार. घेतलं.

तेवढ्यात मागून नथूची गाडी आली. अगदी तशीच गाडी, तेवढाच माल, तोच रस्ता. त्यानं हॉर्न मारला आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय रे विठ्ठल, जेवण कमी घातलंस काय हिला?" आणि गेलासुद्धा. ह्यांचा चेहरा इतका उतरला की मला नथूचा गळा दाबावासा वाटला.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या बागायतदार सोसायटीनं एका कंपनीकडून दोन बॅटरीच्या गाड्या चाचणीसाठी घेतल्या होत्या. एक आगाशीला आमच्या वाडीत, एक बोळिंजला नथूकडे. रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी केळी न् फुलं भरून माणिकपूरला न्यायची. नथूची गाडी एका चार्जिंगवर दोन खेपा करून घरी परत यायची. आमचीही पावसाळ्यापर्यंत करत होती. आता पहिलीच खेप पुरी होईना, आणि वीज मात्र नथूच्या गाडीपेक्षा जास्त खायची. खाऊन खाऊन अंगी न लागणारं पोर असतं ना, तसं.

सोसायटीत लोक बोलायला लागले होते. विठ्ठल गाडी परस्पर भाड्याला फिरवतो म्हणे. कंपनीचा मायकल उद्या येऊन दोन्ही गाड्या तपासणार होता. दोष ह्यांच्या हाताचा निघाला तर चावी दुसऱ्याच्या हातात. ह्यांना त्याची भीती होती.

माझी भीती वेगळी होती. गाडीला काय झालंय ते मला ठाऊक होतं.

त्या बॅटऱ्यांना कंपनीचं शुद्ध पाणी घालावं लागायचं, कॅनमधून यायचं. गणपतीच्या सुमारास कॅन संपला आणि नवा येईना. तेव्हा माझे सासरे, बाबूमामंजी, म्हणाले, "कंपनीचं पाणी ते कसलं पाणी! आपल्या विहिरीचं घाला. काचेसारखं आहे." आणि हौसेनं स्वतः कळशी भरून उभे राहिले. तेव्हापासून बॅटरीत तेच पाणी.

ती विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली. लग्नकार्यात डाळ शिजवायला लोक आमच्या विहिरीचं पाणी हंडे भरभरून न्यायचे. घरी कुणीही येवो, टपालवाला येवो की कलेक्टर येवो, मामंजी त्याच्या हातावर एक सुकेळं ठेवणार आणि पुढ्यात पाण्याचा तांब्या. "पिऊन बघा," म्हणायचे, आणि पाहुण्याच्या घशाखाली घोट उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

त्या दिवाळीत मी माहेरी राहून आले. परत आल्यावर पहिला घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. पाणी मचूळ होतं. घरातल्यांना कळत नव्हतं, रोज थोडं थोडं बदललं की जिभेला काय पत्ता लागणार? पण आमची डाळ शिजेनाशी झाली होती. साबणाला फेस येत नव्हता. केळीच्या पानांच्या कडा करपत होत्या. शेजारच्या वाड्यांतून नव्या इमारतींसाठी दिवसभर टँकर भरून जात होते. गोडं पाणी असं उपसत राहिलं की खाडीचं खारं पाणी जमिनीखालून आत येणारच. मी ह्यांना त्याच दिवशी सांगितलं.

"गप्प बस हं," हे म्हणाले. "बाबांच्या कानावर हा शब्द गेला तर ते अंथरूण धरतील. आणि विहीर गेली तर वाडीत काय लावणार? मीठ?"

पाहुणे तांब्या अर्धाच ठेवून उठायला लागले होते. मामंजी म्हणायचे, "हल्लीच्या लोकांना तहानच नसते." मी आत चुलीपाशी डोळे पुसायची.

गाडी रस्त्यात बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मायकल आला. माणिकपूरचाच, हसरा, जरा बंबईया बोलणारा. त्यानं एक भारी गोष्ट केली. ड्रायव्हर बदलले. नथूला आमच्या गाडीत बसवलं, ह्यांना नथूच्या. दोन्हीत सारखा माल भरला आणि एकाच रस्त्यानं सोडलं. दुपारी हे नथूची गाडी घेऊन दिमाखात परत आले. नथू आला तो चालत, घामाघूम.

"विठ्ठल, तुझा हात ओके आहे," मायकल म्हणाला. "लोचा बॅटरीत आहे."

ह्यांनी किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! माझा मात्र अडकला. कारण आता मायकल पाण्यावर येणार होता. त्यानं बॅटरीची झाकणं उघडली, आत डोकावला, नाक मुरडलं आणि ह्यांना विचारलं, "कुठलं पाणी घालतोस रे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"आमच्या विहिरीचं!" मामंजी ओट्यावरून अभिमानानं ओरडले. "द्वारके, तांब्या आण. साहेबांना दाखव."

देवा नारायणा म्हणत मी तांब्या भरून आणला. मायकलनं दोन पेले मागितले. एकात त्याच्याकडचं कंपनीचं पाणी ओतलं, दुसऱ्यात आमचं. दिसायला दोन्ही सारखी. मामंजी म्हणाले, "बघ, आहे काही फरक?" मायकलनं पेटीतून काळी बाटली काढली. "काका, हे औषध मीठ ओळखतं," म्हणाला, आणि दोन्ही पेल्यांत थेंब थेंब टाकला.

कंपनीचं पाणी होतं तसंच राहिलं. आमचं पांढरं झालं.

वाडीत कामाला येणारी कमळी बाजूला उभी होती. ती पटकन बोलून गेली, "अगे माये! पान्याचा दूध झाला!"

मामंजी हसले. "तांब्या धुतलेला नसेल. ही घाईत असते नेहमी." मग स्वतः उठले, काठी न घेता विहिरीवर गेले आणि स्वतःच्या हातानं पाणी शेंदून आणलं. पेला तीनदा विसळला. "आता टाक."

मायकलनं ह्यांच्याकडे बघितलं. मामंजींचा जीव त्या विहिरीत आहे हे त्यालाही कळलं असावं. "जाऊ द्या ना काका," तो हळू म्हणाला.

"टाक म्हणतो ना."

पाणी पुन्हा पांढरं झालं. मामंजींनी पेला उचलून उजेडात धरला. किती वेळ बघत होते! मला वाटलं, आता पडतात. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ते पडले नाहीत. पेला जपून खाली ठेवला आणि म्हणाले, "सोसायटीत सांग, विठ्ठलची काही चूक नाही. पाणी मी घालायला लावलं." मग केळीत गेले. अंधार पडेस्तोवर एकेक करपलेलं पान हातात घेऊन बघत होते.

पुढच्या आठवड्यात मायकल नव्या बॅटऱ्या घेऊन आला. गाडीची चावी ह्यांच्याकडेच राहिली. सोसायटीत बोलणारे गप्प झाले. नथूनं तर येऊन ह्यांच्या पाठीत धपाटा घातला. मला त्या आनंदाचा घास गिळवेना, कारण मामंजींनी आठवडाभर विहिरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

काम संपवून मायकल ओट्यावर टेकला. मामंजींनी पुड्यातून सुकेळं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं खाल्लं. सुकेळं घशाला चिकटतं, त्यावर पाणी लागतंच. तो थांबला. मामंजी समोर बसून राहिले. मी दारात. तांब्या कोनाड्यात पालथा घातलेला होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

शेवटी मायकलच म्हणाला, "काका, पाणी द्या ना. आपल्या विहिरीचं."

पोरगा चांगल्या मनाचा होता. मामंजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नको रे बाबा," ते म्हणाले. "जे तुझ्या गाडीला चालत नाही, ते तुला कसं देऊ?"

मायकल कोरडाच आवंढा गिळून उठला. मामंजी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले.