नेढं नसलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. पण मला नेढं नाही, म्हणून मी कधी कापड शिवलं नाही. कलकत्त्याच्या एका चिनी कारागिराने मला माणसाच्या अंगात टोचण्यासाठी घडवलं.

नारायणरावांनी मला आपल्या गावी, देऊळघाटला, आणलं. ते टोचून दुखणी घालवत. "झिणझिण्या आल्या?" असं विचारत. माणूस "हाव" म्हणाला की ओसरीवरचे सगळे माना डोलवत. माझं फार कौतुक होई. मीही फुगले होते.

एके दिवशी इंद्रभान आपल्या बायकोला, पंचफुलाला, बैलगाडीतून घेऊन आला. तिच्या पोटात उजवीकडे कळा येत होत्या. तशातही मला पाहून ती हसली. "हिले तं नेढंच नाही! हे काय शिवणार?"

"बुलढाण्याच्या दवाखान्यात नेऊ का?" इंद्रभानने विचारलं.

"कायले? पाच दिवस सुई घ्या," नारायणराव म्हणाले.

तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं. तिसऱ्या दिवशी आतडं फुटलं आणि ती गेली.

"तिचं आयुष्यच तेवढं होतं," नारायणराव म्हणाले.

तेरावं झाल्यावर इंद्रभान त्यांच्याकडेच कामाला राहिला. लोक म्हणाले, केवढी श्रद्धा! नारायणरावांचा खांदा आखडला होता. पाठीमागे त्यांचा हात पोचत नसे, म्हणून त्यांनी मला इंद्रभानच्या हाती दिलं; रोज सकाळी तो टोचून देई. बाकीच्यांसाठी दुसऱ्या सुया होत्या. पहिल्याच दिवशी त्याने मला टोपीच्या घडीत लपवलं. महिनाभर मी तिथेच होते.

मग एकदा भरल्या ओसरीत नारायणरावांनी हात उंच केला. "पाहा! हा हात कानाच्या वर जात नव्हता. सुईचा गुण!"

इंद्रभानने टोपीतून मला काढून सर्वांना दाखवलं. मग खिशातली पुडी सोडली. आत बाभळीचे तीस काटे होते.

"कोणची सुई, नारायणराव? महिनाभर तं हेच टोचले तुमाले."

ओसरीवर बसलेली म्हातारी केसरबाई खो खो हसली. नारायणराव पांढरे पडले. "पण गुण तं आला ना बे?"

"आला. तुमचा खांदा होता, काट्यावर भागलं. माह्या पंचफुलाचं आतडं होतं."

मग केसरबाईही हसली नाही. त्या दिवसापासून ती ओसरी रिकामीच राहिली.

इंद्रभानने मला आपल्या दाराच्या चौकटीत ठोकलं. तो मला पुसत नाही, माफही करत नाही. मी गंजते आहे.

मित्रांनो, कळ थांबली म्हणजे रोग गेला असं समजू नका. आधी दवाखान्यात जा. मग हवं तर काटाही टोचून घ्या. पंचफुला बरोबर बोलली होती. फाटलेलं मला कधीच शिवता आलं नाही.