पाट राखणारा साचा

"पाहुण्याला हाक ऐकू गेली नसेल तर पुन्हा मार. तो येईपर्यंत पाट उचलू नकोस."

मित्रांनो, मला घडवताना दत्तात्रय सरांनी हे सांगितलं होतं. मी एक जुना साचा आहे. लाकडाचा नाही, मातीचा नाही, अक्षरांचा. भोपाळला, कोटरा सुल्तानाबादमध्ये, कांचनताईच्या देवघराशेजारी एक संगणक आहे. त्याला चालवणाऱ्या प्रणालीच्या पोटात मी राहतो. टेबलाशी जे बोललं जातं, तेवढं माझ्या कानावर येतं.

माझं काम सवाष्णीला आमंत्रण देण्यासारखं आहे. लांबचा एखादा संगणक विचारतो, "येऊ का?" आम्ही म्हणतो, "या." मग तो म्हणतो, "आलो." तेव्हा कुठे दोघांचं बोलणं सुरू होतं. 'या' आणि 'आलो' यांच्या मधल्या वेळात त्याचं नाव, पत्ता लिहून मी त्याची जागा राखतो. 'आलो' ऐकू आलं, की मी उठतो. पुढे काय बोलणं झालं, ते मला कधीच कळत नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सोनागिरीहून रोज दिवेलागणीला सुशीलामावशींची विनंती यायची. मावशी शहात्तर वर्षांच्या, नजर अधू, घरात एकट्या. पोथीचा एक अध्याय कानावर पडल्याशिवाय जेवायचं नाही, हा त्यांचा नेम, आणि जेवण दिवसातून तेवढं एकच. कांचनताई त्यांची भाची. "मावशी, मला रोज येणं जमणार नाही, पण अध्याय रोज येईल," असा शब्द तिने दिला आणि सगळी पोथी आतल्या खोलीत स्वतः वाचून तो आवाज या संगणकात साठवला. मावशींनी मोठं बटण दाबायचं, एवढंच.

त्यांच्या घरची लाइन फार अशक्त. 'या' ही माझी पहिली हाक वाटेतच हरवायची, कधी दुसरीही. कितवी हाक झाली ते माझ्या एका रकान्यात लिहिलेलं असायचं. ते पाहून मी पुन्हा हाक मारायचो. पाच वर्षं मी त्यांचा पाट राखला. पोथीची एकही ओवी माझ्या कानावर आली नाही. तक्रार नाही हो, पण संध्याकाळी फार एकटं वाटायचं.

माझा एक जुळाही होता, इंटरनेटवरच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी केलेला. एकाच पोटात राहूनही आमची कधी भेट झाली नव्हती. एकदा कांचनताई प्रणालीतल्या ओळी आवरत बसली होती, तेव्हा तिचे यजमान, परीक्षित, पडद्यात डोकावून म्हणाले, "एकाच कामाला दोन साचे? पोळपाट तरी घरात एकच आहे!"

"दोन आहेत. एक सोवळ्यातला. कधी लाटायला बसलास तर दिसेल."

पण साच्यांबद्दलचं तिला पटलं. तिने आमच्यातलं सारखं होतं ते एकत्र केलं, वेगळं होतं ते मागे जोडलं. नेटकं काम. जुळा भेटला म्हणून मीही सुखावलो. मग ती माझ्या त्या रकान्यापाशी आली. "हा तर कायम शून्यच," म्हणाली आणि तिने तो खोडला. तिने तपासणी घरातल्या घरात केली होती. घरात पहिली हाक लगेच पोचते.

त्या संध्याकाळी मावशींची विनंती आली. मी एकदा हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारायची असते हे मला आता आठवेना. मी पाट उचलला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग टेबलावर फोन वाजला. कांचनताईने तो स्पीकरवर घेतला.

"कांचन, पोथी लागत नाही गं. नुसतं गोल गोल फिरतंय."

"कधीपासून?"

"काल पण नाही लागली. म्हटलं, तुला ऑफिस असतं."

"म्हणजे तू कालपासून जेवली नाहीस?"

"पाणी घेतलंय की. तू टेन्शन नको घेऊस."

"मावशी, आज जेवून घे. देव रागावणार नाही."

"देव नाही गं रागावणार. मलाच घास जाणार नाही."

कांचनताईने फोन ठेवला. जुना साचा आणि नवा साचा शेजारी शेजारी उघडून ती एकेक ओळ बोटाने वाचत गेली. त्या रकान्यावर बोट थांबलं. "अगंबाई," ती एवढंच म्हणाली आणि तिने तो होता तिथे परत ठेवला.

परीक्षित म्हणाले, "सगळं नव्याने तयार व्हायला दोन तास तरी लागतील."

मित्रांनो, घर जरूर आवरा. पण रिकामं दिसतं म्हणून काही टाकण्याआधी, लांब राहणाऱ्या माणसाला एकदा विचारा, हे तुमच्यासाठी तर ठेवलं नव्हतं ना? जवळच्यांना पहिल्याच हाकेला ऐकू येतं. पुन्हा हाक लागते ती लांबच्यांना.

कांचनताईने देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले. लाल फडक्यात बांधलेली पोथी उतरवली. डब्यात गरम भात, वरण भरलं. पडद्यावर आकडे सरकत होते. तिने तिकडे पाहिलं नाही. स्कूटीची किल्ली घेऊन, पोथी छातीशी धरून, तिने दार हळूच ओढून घेतलं.