अंबिकाबाईंचे अर्धे राहिलेले बोलणे

मित्रांनो, दवाखान्यात रोग्याच्या खाटेपुढे उभा करतात ना, तसला तीन फळ्यांचा, घडी होणारा जुना पडदा म्हणजे मी. बनारसच्या एका सुताराने माझी शिसवी चौकट केली आणि तिच्यावर जाड हिरवे कापड ताणून बसवले. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत डॉक्टर शरदिनीबाईंचा दवाखाना होता. तिथे मला आणले, तेव्हा माझी छाती फुलली. बायकांची लाज राखायची, हे काय लहान काम आहे?

शरदिनीबाई बाळंतपणे करीत. पण त्यांचा खरा जीव होता तो पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांत. त्यांची आई त्या वयात रात्ररात्र जागायची, उगीच रडायची. घरच्यांनी झाडफूक करणारा ओझा बोलावला आणि तिला कोठीच्या खोलीत बसवून ठेवले. गल्लीतले लोक तिला हसत. बाई तेव्हा लहान होत्या. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी अशा बायकांसाठी गुरुवारची दुपार राखून ठेवली. त्या सांगत, "हे भूत नाही आणि वेडही नाही. शरीर बदलतंय, एवढंच." बायका येताना मान खाली घालून येत आणि जाताना वर करून जात.

त्यांची कीर्ती झाली. डॉक्टरी आणि नर्सिंग शिकणाऱ्या मुली त्यांच्याकडे येऊ लागल्या. माझ्या अलीकडे मुली बाकांवर बसत, पलीकडे बाई रोग्याला तपासत आणि तिथूनच मोठ्या आवाजात शिकवत. शिकवण्यात त्या इतक्या रंगून जात की खाटेवरच्या बाईची परवानगी विचारायचे राहून जाई.

एका गुरुवारी अंबिकाबाई आल्या. त्यांचे यजमान वेदपाठशाळेत शिकवीत. गल्लीत त्यांचा मोठा मान होता. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, अंग एकदम भट्टीसारखं तापतं. घामानं लुगडं भिजतं. मग सुनेवर उगाच ओरडते. माझीच मला शरम वाटते."

बाईंनी लगेच मुलींना ऐकवले, "हं, नीट लक्ष द्या! या वयातलं हे मुख्य लक्षण."

अंबिकाबाई दचकल्या. पडद्यापलीकडे मुली मागून येऊन बसल्या आहेत, हे त्यांना ठाऊकच नव्हते. तरी धीर करून त्या म्हणाल्या, "अजून एक सांगायचं होतं..."

तेवढ्यात बकुळ नावाची मुलगी शेजारणीला म्हणाली, "अगं, हा आवाज तर आमच्या गल्लीतल्या काकूंचा! सुनेवर का ओरडतात ते आता कळलं!" सगळ्या मुली खुदकन हसल्या. बाई नुसत्या "शांत बसा" म्हणाल्या, आणि त्यांच्याही ओठांवर हसू आले. ते मी पाहिले. अंबिकाबाईंनीही पाहिले.

त्या उठल्या, पदर सावरला आणि औषध न घेताच निघून गेल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. माझे कापड नजर अडवते. आवाज अडवत नाही. माझ्या भरवशावर ती बाई बोलली होती.

शरदिनीबाई दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेल्या. सून दारातच म्हणाली, "सासूबाईंची तबियत ठीक आहे. त्यांना कुणाला भेटायचं नाही."

पावसाळा गेला, थंडी सरत आली. मग एके दिवशी अंबिकाबाईंना डोलीतून आणले. चेहरा पांढराफटक पडला होता. पाळी जाऊन तीन वर्षे झाल्यावर त्यांना पुन्हा रक्त जाऊ लागले होते, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते.

"त्या दिवशी हेच सांगणार होते," त्या म्हणाल्या.

शरदिनीबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी तपासले. गर्भाशयात गाठ होती आणि ती पसरली होती. त्या म्हणाल्या, "अंबिकाबाई, मी तुमचं ऐकून घेतलं नाही. माझ्या आईला लोक हसले म्हणून मी डॉक्टर झाले, आणि मीच हसले. माझं चुकलं. मला फार लाज वाटते आहे."

"आजाराची शरम नव्हती हो मला," अंबिकाबाई म्हणाल्या. "हसण्याची होती."

मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. पण उशीर झाला होता. बकुळ रोज त्यांच्या घरी जाऊन पट्टी बदलू लागली. पहिले कित्येक दिवस तिला वर बघवत नव्हते.

उन्हाळ्यात अंबिकाबाईंनी निरोप धाडला, "मला एकदा तुमच्या शिकणाऱ्या मुलींपुढे यायचंय." बकुळने त्यांना धरून आणले. मुली बाकांवर बसल्या होत्या. अंबिकाबाई खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "बकुळ, तो पडदा सरकव. आज माझ्या मर्जीनं सांगते आहे."

बकुळने मला भिंतीकडे ढकलले. अंबिकाबाईंनी सगळे सांगितले: घाम, राग, रक्त, भीती. कुणी हसले नाही. शरदिनीबाई मुलींच्या बाकावर, त्यांच्यातलीच एक होऊन, ऐकत बसल्या होत्या. पुढच्या श्रावणात अंबिकाबाई गेल्या.

त्यानंतर बाई रोग्याची परवानगी घेतल्याशिवाय एकाही मुलीला आत येऊ देत नसत. पुढे त्या थकल्या, दवाखाना बंद झाला, आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. माझे कापड विरले आहे. त्याचे मला दुःख नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरातली आई, काकू किंवा मावशी एकाएकी घामाघूम झाली, चिडली, उगीच रडली, तर तिची थट्टा करू नका. गार पाणी द्या, जवळ बसा. आणि ती काही सांगू लागली, तर तिचे बोलणे पुरे होऊ द्या.